गरम बॉनेट

सून परत आली तेव्हा तिच्या बुटांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. म्हणजे उतरताना दुधाची गाडी मिळाली नव्हती आणि ती डोंगरावरून पायीच आली होती. अंगणातल्या नळाखाली तिने कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि पायरीवर बसून बूट काढायला लागली. एका बुटाची नाडी ओली होऊन आवळली होती. ती दातांनी सोडवायला वाकली आणि तशीच थांबली. हात धुतले होते, बूट धुतले नव्हते.

"मेंढी मेली का?" माझ्या भावाने विचारलं. तो दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

"मी पोचायच्या आधीच. पोटातली दोन्हीही."

"मुकादम काय म्हणाला?"

तिने नखांनी नाडी सोडवली. "म्हणाला, डॉक्टरीणबाई, आता आलाच आहात तर चहा घ्या."

"घेतलास?"

"घेतला. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?"

माझ्या भावाची ही सून जनावरांची डॉक्टर. डोंगरावर मेंढपाळांचे अकरा वाडे आहेत, त्या सगळ्यांचं काम त्यांच्या सोसायटीच्या मुकादमाने वर्षापूर्वी तिला दिलं होतं. पावसाळ्यात दरड कोसळली आणि वरचा रस्ता तीन ठिकाणी निम्मा वाहून गेला. एसटी बंद झाली. तिची स्कूटर दुसऱ्या वळणापलीकडे जाईना. आणि आता मेंढ्या विण्याचे दिवस आले होते. या दिवसांत अर्धा तास उशीर म्हणजे उशीरच. मुकादमाने चहाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तिने जेवताना सांगितली. पहिल्या तारखेपर्यंत वर चढणारी स्वतःची गाडी नसेल, तर काम दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. त्याच्याकडे जीप आहे.

पहिल्या तारखेला नऊ दिवस होते.

"गाडी घ्यायचीच," भाऊ म्हणाला. "पण मी बघितल्याशिवाय नाही."

माझ्या भावाने चाळीस वर्षं जनावरांची दलाली केली. त्याला सगळे पारखी म्हणतात. बाजारात उभ्या असलेल्या बैलाला तो हात लावायच्या आधी मालकाला लांब पाठवायचा. मालक जवळ असला की जनावर खोटं वागतं, असं त्याचं म्हणणं. सांगितलेल्या वेळेच्या आधी जायचा. धुऊन पुसून आणलेलं जनावर दिसलं की दोनदा बघायचा. आणि सगळ्यात शेवटी खूर. बाकी सगळं लपवता येतं, खुराची झीज लपवता येत नाही. आता त्याचे गुडघे गेले आहेत, बाजार सुटला आहे. संशय तेवढा राहिला आहे.

मी त्याचा धाकटा भाऊ. जन्मभर वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली, लग्न केलं नाही, त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. गाडीतलं मला काही कळत नाही. तरीही या सगळ्यात माझी एक चूक आहे. ती तिच्या जागी येईल.

रात्री पुतण्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, मोबाइल काढला. तो वजनकाट्यावर नोकरीला आहे, दिवसभर ट्रक बघतो, त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं.

"ही बघा. छोटी आहे, पण दणकट. जमिनीपासून उंची बघा. मागं चार पोती बसतील. आईला दवाखान्यात न्यायला एसी. आणि पिठाच्या गिरणीपाशी आपल्या बोळाचं वळण आहे ना, तिथून आरामात निघेल."

"कोण म्हणतं दणकट?" भावाने विचारलं.

"लोक म्हणतात, बाबा. हा माणूस बघा, दगडांवरून चालवून दाखवतोय."

"त्याला जेवायला कोण घालतं?"

"म्हणजे?"

"दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या दगडांवरून चालवतो. त्याचं पोट कोण भरतं?"

पुतण्याने मोबाइल खिशात टाकला. वहिनी भांडी आवरत होती. ती म्हणाली, "मला चढता येईल अशी घ्या. एवढंच सांगते. मागं त्या जीपमध्ये मला दोघांनी ढकलून बसवलं होतं, पोतं चढवावं तसं."

सुनेने आपली मागणी कागदावर लिहिली नाही, बोटांवर मोजली. चारही चाकांना ताकद हवी, कारण वरच्या घसरडीवर दोन चाकं नुसती फिरत राहतात. लांबीला कमी हवी, कारण तिसऱ्या वळणावर लांब गाडीला मागंपुढं करावं लागतं आणि आता तिथं मागं व्हायला रस्ताच उरलेला नाही. आणि रोज सकाळी सुरू व्हायला हवी. "बाकी रंग कुठलाही चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूममध्ये गेलो. काचेच्या दारातून आत जाताना भावाने चपला काढल्या. पुतण्याने त्या पुन्हा घालायला लावल्या. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने आमच्यासमोर ती मोबाइलमधली गाडी आणली. गाडीच्या बाजूंना काळं प्लास्टिक होतं, पुढं लोखंडी वाटावा असा पट्टा होता, आणि पाठीवर डोंगराचं चित्र.

"तुम्ही जरा तिकडं जाऊन उभे राहा," भाऊ त्याला म्हणाला.

"सर?"

"तिकडं. त्या कुंडीपाशी."

मुलगा खरोखर कुंडीपाशी जाऊन उभा राहिला. भावाने काठी माझ्याकडे दिली, चकचकीत फरशीवर एक हात टेकवला आणि गाडीच्या पोटाखाली वाकून बघितलं. मग पुढच्या लोखंडी पट्ट्यावर टिचकी मारली. पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

"चारही चाकं ओढतात का?" सुनेने कुंडीच्या दिशेने विचारलं.

"मॅडम, यात माउंटन मोड आहे."

"मोड राहू द्या. ओढतात किती?"

"पुढची दोन, मॅडम. पण फील चारचा येतो."

भाऊ दोघांच्या आधाराने उठला. घरी येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला. "फील मेंढीला द्यायचा का?"

पुतण्या मात्र चिडला होता. तो म्हणाला की जगात सगळेच चोर नसतात, आणि बाबांच्या अशा वागण्याने नऊचे आठ दिवस झाले आहेत.

चिठ्ठी सुनेला औषधांच्या दुकानात दिसली. कुत्र्यांच्या गोचिडीवरच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी चिकटवली होती. सुवाच्य, सरळ अक्षरात लिहिलं होतं: छोटी गाडी, चारही चाकांनी ओढणारी, डोंगरात वापरलेली, विकायची आहे. दलालांनी येऊ नये.

"दलालांनी येऊ नये असं जो लिहितो," भाऊ म्हणाला, "त्याच्याकडे दलालाला दिसेल असं काहीतरी असतं."

गाडीचा मालक डोंगराच्या पायथ्याशी राहणारा निवृत्त मोजणीदार. आमच्या घरापासून पायी अर्ध्या तासावर त्याचं घर. उंच, वाकलेला, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्याने आम्हाला दहाला बोलावलं होतं, आम्ही नऊला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. मळकट हिरवी, चौकोनी, बुटकी, आणि धुतलेली. भावाने माझ्याकडे बघितलं. धुतलेली.

मग त्याने बैलाच्या बरगडीवर ठेवावा तसा बॉनेटवर पंजा ठेवला.

"गरम आहे," तो हळूच म्हणाला.

"सकाळी जरा फिरवून आणली," मोजणीदार म्हणाला. त्याला ऐकू गेलं होतं.

सून गाडीखाली गेली, ती पाठीवर झोपूनच. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत माती होती आणि चेहरा खुलला होता. सांगाडा शाबूत आहे, गंज नाही, ताकद चारही चाकांना द्यायचा छोटा लिव्हर वेगळा आहे, असं तिने सांगितलं. भावाने टायर बघितले. चारही सारखे झिजलेले होते. त्याला तेही आवडलं नाही.

"चालवून बघू का?" सुनेने विचारलं.

"मी चालवतो. तुम्ही मागं बसा."

"मी पुढं बसते, म्हणजे गियर दिसतील."

"पुढं नको," मोजणीदार म्हणाला. "मागं बसा सगळे."

आम्ही तिघे मागं बसलो. शेजारची सीट रिकामी राहिली. त्या सीटवरचं कापड झिजून पातळ झालं होतं, मधे खोलगट खळगा पडला होता. आणि तिच्या पायाखालची रबरी चटई मात्र नवीकोरी, तिच्यावरची नक्षी अजून टोकदार. भावाने काठीच्या टोकाने मला ढोसून ते दाखवलं. गाडी चढणीला लागली. लहान दगड चाकांखालून उडत होते, पण आम्ही हेलकावत, न घसरता वर गेलो. हेलकाव्यांकडे लक्ष जाऊ नये म्हणून मी काहीतरी वाचायला मागितलं. माझी ती जुनी सवय आहे, भलत्या वेळी येते. मोजणीदाराने समोरच्या खणातून गाडीचं पुस्तक काढून मागं दिलं.

पुस्तक आपोआप एका जागी उघडलं. तिथली घडी कायमची पडली होती, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झाल्या होत्या. मी वाचलं: थंडीत इंजिन सुरू न झाल्यास.

उतरल्यावर वाटेत मी भावाला हे सांगितलं. तो रस्त्यातच थांबला.

"बघ," तो म्हणाला, "तुझं वाचन जन्मात पहिल्यांदा कामाला आलं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, नऊ सांगून सातला. बॉनेट गरम. मोजणीदाराने चहा विचारला नाही. घरी आल्यावर भावाने निकाल दिला. गाडी गार असताना सुरू होत नाही, म्हणून हा माणूस रोज ती आधी तापवून ठेवतो. शेजारची सीट मोडलेली आहे, म्हणून कोणाला बसू देत नाही. खालचा पत्रा कुजला आहे, म्हणून वर नवी चटई टाकली आहे.

"बाबा, खालून मी बघितलाय पत्रा," सून म्हणाली.

"खालून रंग मारता येतो."

"त्याला सांगून मला एकदा चालवू तरी द्या."

"पहाटे तीनला वर मेंढी अडली आणि ही सुरू झाली नाही, तर? मुकादम पुन्हा चहाच देईल."

सुनेने ताट उचललं आणि ती आत गेली. पुतण्या हळूच म्हणाला की त्याने शोरूमच्या मुलाला फोन केला आहे, सोमवारी गाडी मिळू शकते. दोन चाकं तर दोन चाकं. निदान सुरू तरी होईल.

सोमवारी पहिली तारीख होती.

वहिनी म्हणाली, "तुम्ही त्या माणसाच्या शेडमध्ये उजाडायच्या आत जाऊन उभे राहा ना. एकदा काय ते बघा आणि मोकळे व्हा. मला या घरात ती शोरूमची बाहुलीसारखी गाडी आणि तुमची तोंडं दोन्ही एकदम नकोत."

रविवारी आम्ही अंधुक उजेडात निघालो. सुनेने पिशवी खांद्याला लावली होती, त्या दिवसांत ती पिशवीशिवाय कुठंच जात नव्हती. भावाचा गुडघा थंडीने आखडला होता. तो दर शंभर पावलांना थांबायचा आणि थांबलो ते विचार करायला, असं दाखवायचा.

शेड उघडं होतं आणि रिकामं.

"पळवली," भाऊ म्हणाला.

"स्वतःचीच गाडी कोण पळवेल, दादा?"

"मग लपवली."

आम्ही शेडच्या तोंडाशी उभे राहिलो. आतल्या मातीवर चाकांच्या खुणा होत्या आणि तेलाचा एकही डाग नव्हता. हे माझ्या लक्षात आलं. थोड्या वेळाने कड्याच्या बाजूने आवाज आला. गाडी दिवे लावून उतरत होती, सावकाश, दर खड्ड्यापुढं थबकत, आत कोणीतरी झोपलेलं असावं तशी. ती शेडसमोर थांबली. मोजणीदार एकटाच होता. शेजारची सीट मागं आडवी केलेली होती.

"सापडलात," भाऊ म्हणाला. "रोज पहाटे तापवून आणता."

मोजणीदाराने इंजिन बंद केलं. "माझी गाडी आहे. मी ती कधी तापवायची हे तुम्ही ठरवणार?"

"विकायला काढली आहे, तर ठरवणार. गार असताना सुरू होत नाही, हे कबूल करा. आणि या सीटचं काय ते सांगा. आणि ही चटई बदलली कशाला?"

"चटई बदललेली नाही."

"नवी आहे ती."

"जुनी आहे. गाडीबरोबरची."

सुनेने तोवर शेजारचं दार उघडलं होतं. तिने कोणाला विचारलं नाही. खाली वाकून तिने चटई उचलली, खालचा पत्रा हाताने चाचपला, चटई पुन्हा होती तशी बसवली. मग सीटच्या खळग्यावर तळवा ठेवून ती काही वेळ तशीच राहिली. गाभण मेंढीच्या पोटावर ती तसाच हात ठेवते.

"बाबा," ती न वळता म्हणाली, "एका पायावर भारच देत नाही अशा बैलाचा खूर कसा असतो?"

"नवा," भाऊ लगेच म्हणाला. "झिजत नाही. कितीही वर्षं..."

त्याने चटईकडे बघितलं. काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कोण बसायचं इथं?" सुनेने मोजणीदाराला विचारलं.

त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं, ते लागलेलंच होतं. "बायको. कमरेपासून खाली जीव नव्हता. सात वर्षं. कड्यावरून उजाडताना बघायची सवय होती तिला, म्हणून रोज नेऊन आणायचो." त्याने गाडीचे दिवे मालवले. "चार भिंतींत बसून ती तरी काय करणार? आता ती नाही, दोन महिने झाले. पण गाडीला सवय लागली आहे."

मी खणातलं पुस्तक काढलं. ते त्याच जागी उघडलं. डाव्या पानावर थंडीतलं इंजिन होतं. त्या पानावर मी इतका खूश झालो होतो की समोरच्या पानाकडे बघितलंच नव्हतं. उजव्या पानावर लिहिलं होतं: शेजारची सीट मागे सरकवणे व आडवी करणे. चित्राभोवती पेन्सिलीने बाण काढले होते. बोटांचे डाग सगळे त्या पानावर जास्त होते. जन्मभर पुस्तकं हाताळलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं. मी पुस्तक उघडं धरून भावापुढं केलं. त्याला जवळचं वाचता येत नाही, पण चित्र दिसलं.

"आम्ही घेतो गाडी," तो म्हणाला.

"मी देत नाही," मोजणीदार म्हणाला. "चिठ्ठीत लिहिलं होतं, दलालांनी येऊ नये."

"गाडी सुनेला हवी आहे."

"तुम्ही तीन वेळा येऊन माझी गाडी बघितलीत. ठोकलीत, वास घेतलात. माझ्याकडे चोरासारखं बघितलंत. मी कोणाला बघितलं?"

"मला बघा," सून म्हणाली.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिने ऐकलं, दोनच प्रश्न विचारले, पाय दिसतात का आणि डोकं कुठं आहे. फोन ठेवला तेव्हा ती भावाकडे नाही, मोजणीदाराकडे बघत होती.

"सातव्या वाड्यावर मेंढी अडली आहे."

मोजणीदाराने किल्ली मुठीत धरली होती. मूठ उघडायला त्याला वेळ लागला.

"छोटा लिव्हर चढणीआधी टाका, चढणीवर नाही," तो म्हणाला. "तिसऱ्या वळणावर आतल्या बाजूला राहा. कितीही वाटलं तरी ब्रेक दाबू नका."

"मी पण येतो," भाऊ पुढं झाला.

"तुम्ही नाही," मोजणीदार म्हणाला. "तुम्ही तिकडं उभे राहा. त्या दगडापाशी."

माझा भाऊ दगडापाशी जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षांत त्याला असं कोणी लांब उभं केलं नव्हतं.

गाडी गेली. आम्ही तिघे त्या दगडावर बसलो, मधे मी. वळणं दिसत नव्हती, पण आवाज ऐकू येत होता. पहिलं वळण. दुसरं. मग आवाज जाड झाला, एका जागी गुरगुरत राहिला आणि थांबला.

खाली कुठंतरी कोणी लाकूड फोडत होतं. मी मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

मग आवाज परत आला. आणखी वर गेला, पातळ झाला आणि डोंगराआड संपला.

"पोचेल," मोजणीदार म्हणाला.

ऊन दगडावर आलं. त्याने घरातून तीन कप चहा आणला, त्यातल्या एका कपाला कान नव्हता, तो त्याने स्वतः घेतला. दुसरा तास गेला. तो उठून रस्त्यापर्यंत जाऊन आला. पुन्हा गेला.

"वरून पलीकडं उतरायला वाट आहे का हो?" त्याने मला विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, सहज. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही."

भाऊ ताठ झाला. "आमच्या घरची माणसं गाड्या पळवत नाहीत. ती येईपर्यंत मी आहे ना इथं बसलेला."

मोजणीदाराने त्याच्याकडे नीट बघितलं, काठीपासून गुडघ्यापर्यंत. "तुमचं मी काय करू?"

माझ्या भावाचा कोणी असा भाव केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तो रागावेल असं मला वाटलं. पण तो हसायला लागला, आधी नाकातून, मग खोकला येईपर्यंत. मोजणीदार हसला नाही, पण बसला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी आली. धुतलेली गाडी आता छपरापर्यंत चिखलाने भरली होती. सुनेच्या बाह्या रक्ताने कोपरापर्यंत कडक झाल्या होत्या. आणि शेजारच्या अर्धवट आडव्या सीटवर मेंढी होती. तिचा श्वास चालू होता. सीट धड मागंही गेली नव्हती आणि धड खालीही, मेंढीची मान दाराला दाबली जात होती.

"एक गेलं, एक जिवंत आहे, ते वर दुसऱ्या मेंढीला लावलं," सून खिडकीतून म्हणाली. "हिला टाके घालायचेत, खाली दवाखान्यात. सीट जाताना उभी केली होती, आता अडकली आहे. कापड खराब झालं, मी धुऊन देईन."

सीटच्या खळग्यात रक्त साचलं होतं. भावाने माझा दंड धरला.

मोजणीदार घरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात घडी केलेली चादर होती, पुन्हा पुन्हा धुऊन मऊ आणि रंगहीन झालेली. त्याने दार उघडलं, एक हात मेंढीच्या पाठीखाली घातला, दुसरा सीटच्या खाली.

"पुस्तकात दाखवली आहे तशी कळ ओढली की अडकते," तो म्हणाला. "आधी थोडं वर उचलायचं, मग ओढायचं. असं." सीट आवाज न करता आडवी झाली. त्याने चादर मेंढीखाली सरकवली आणि कडा दोन्ही बाजूंनी खोचल्या. "ही या सीटच्याच मापाची आहे."

मग तो मागच्या दाराकडे गेला. "चला. मी मागं बसतो."

तिघे म्हातारे मागं एकमेकांच्या गुडघ्यांवर गुडघे ठेवून बसलो. पुढं मेंढी. दवाखान्यापर्यंत मोजणीदार फक्त रस्त्याकडे बघत होता आणि प्रत्येक खड्ड्याआधी उजव्या पायाने तिथं नसलेला ब्रेक दाबत होता. सून प्रत्येक खड्ड्यापुढं थबकत होती.

"मुकादम काय म्हणाला?" भावाने विचारलं.

"चहा घ्या म्हणाला."

"मग?"

"वेळ नव्हता," सून म्हणाली.

संध्याकाळी मोजणीदाराने गाडी आमच्या दारात सोडली, व्यवहाराचं सगळं बोलणं उरकलं आणि शेवटी पुस्तक दिलं. देताना ते दोघांच्या हातात क्षणभर राहिलं. जाताना आम्ही पोचवतो म्हटलं तर नको म्हणाला. पायी गेला.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा भाऊ अंगणात गाडीपाशी उभा होता. काचेवर दव होतं. त्याने बॉनेटवर पंजा ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला. "एकदम गार."

सून पिशवी घेऊन आली. वहिनी दारात, पुतण्या ब्रश तोंडात धरून खिडकीत. सगळ्यांना माहीत होतं तो कशाची वाट बघतो आहे.

"लाव किल्ली," भाऊ म्हणाला.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

"एवढ्या लवकर?" तो म्हणाला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "गार गाडी एवढ्या लवकर सुरू होते?"

"बाबा, हात काढा. मला जायचंय."

"थांब जरा," भाऊ म्हणाला. पत्रा गरम होईपर्यंत त्याने हात काढला नाही.